मागून गाडी खाली घेतल्यावर सत्तरच्या पुढे थरथरते, शाफ्ट बॅलन्स करू का?

भाऊ, पाट्यांवरची (लीफ स्प्रिंगची) गाडी मागून दोन इंच खाली घेतली, इंजिनाची ताकद वाढवली आणि आता सत्तरच्या पुढे पायाखालचा पत्रा थरथरतो, असं तुम्ही लिहिलंय. शाफ्ट, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलकडे ताकद नेणारा लांब दांडा, बॅलन्स करू नका. आधी त्याच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे, म्हणजे वळणाऱ्या सांध्यांचे, अँगल मोजा.

माझी १३०० ची जिप्सी आहे. मागे लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी) टाकून उंच केली, आणि अमळनेरहून धुळ्याला जाताना साठ ओलांडली की आरशात काही दिसेना. मामांचं आयुष्य ट्रकवर गेलेलं. ते म्हणाले, "अँगल-बिंगल काही नही ऱ्हास, शाफ्टच वाकडा शे." दोनदा बॅलन्स केला, फरक शून्य. मला एकच खटकत होतं: त्याच स्पीडला अ‍ॅक्सिलरेटर सोडला की थरथर बदलायची. बॅलन्सचा दोष स्पीड बघतो, पाय ठेवला की काढला याचं त्याला फारसं काही नसतं.

मोजलं तर पुढच्या क्रॉसला ७ अंश, मागच्याला ३. क्रॉस कोनात फिरला की एका फेऱ्यात शाफ्ट दोनदा पळतो, दोनदा रेंगाळतो. दोन्हीकडचे कोन सारखे असतील तरच मागचा क्रॉस पुढच्याची चूक खोडतो. लांब शॅकलमुळे हाउसिंग (मागच्या अ‍ॅक्सलचं कवच) फिरून पिनियनचं नाक, म्हणजे शाफ्ट जोडतात ते टोक, वर गेलं होतं. मिस्तरीकडून पाटा आणि हाउसिंगच्या मध्ये ३ अंशांची पाचर घालून घेतली, तर थरथर आणखी वाढली! मामांनी चारचौघांत ऐकवलं. पण पाचर उलटी बसली होती, मागचा कोन ३ चा ० झाला होता. रात्री अंगणात बॅटरी तोंडात धरून मीच यू-बोल्ट सोडले, पाचर फिरवली. ७ आणि ६. दुसऱ्या दिवशी धुळं ओलांडून लळिंगपर्यंत गेलो, आरसा हलला नाही.

तुम्ही गाडी चाकांवर उभी ठेवून मोजा, फोनमधलं लेव्हलचं अ‍ॅप चालतं. जॅकवर हाउसिंग लोंबकळत असताना घेतलेला आकडा कामाचा नाही. प्रत्येक क्रॉसला १ ते ३ अंश ठेवा, चालत्या गाडीत दोघांतला फरक १ च्या आत. शून्य नको, क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया एकाच जागी दाबून खळगे पाडतात. तुम्ही जोर वाढवलाय, म्हणून उभ्या गाडीत पिनियनचं नाक बरोबरीच्या कोनापेक्षा दोनेक अंश खाली ठेवा. पाय दाबला की पाटे पिळतात, नाक वर येतं आणि बरोबरी तेव्हा साधते. शाफ्ट काढला असेल तर स्लाइडवरच्या (शाफ्टच्या सरकत्या जोडावरच्या) खुणा जुळल्यात का बघा. दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत नसतील तर अँगल बरोबर असूनही थरथर राहील.

माझे ७-६ मोठेच आहेत, उंच गाडीत मी चालवून घेतो. तुम्ही घेऊ नका. मागे कॉइल आणि लिंक असतील तर पाचरीचा संबंध नाही, लिंकची लांबी बदलावी लागते. आणि हो, क्रॉस हाताने हलवून ढिला आहे का, ते सगळ्यात आधी बघा.

मामा अजून म्हणतात, रस्ता नवीन झाला म्हणून थरथर गेली. पाचर फिरवली त्या उन्हाळ्यात तिथे खड्डेच होते, मामा. डांबर पुढच्या वर्षी पडलं.