छुपे हेरल्ड ओळखायचे कसे?

ब्रँडन सँडरसनच्या ‘स्टॉर्मलाइट आर्काइव्ह’ या कादंबरी मालिकेतले दहा हेरल्ड, म्हणजे दैवी शक्तीचे अमर योद्धे, मरूनही परत येतात. कथेच्या साडेचार हजार वर्षं आधी त्यांतल्या नऊ जणांनी शपथ मोडली, तलवारी दगडात रोवल्या आणि माणसांत मिसळून गेले. दहावा, टालन, एकटा यातना भोगत राहिला. बाकीचे कोणत्या नावाने वावरतात याबद्दलच्या थिअऱ्यांना तोटा नाही. खालच्या उत्तरांत पाचव्या भागापर्यंतची गुपितं फुटली आहेत, तेव्हा वाचन अर्धवट असेल तर आधी ते पुरं करा.

प्रश्न : एखादी थिअरी दमदार आहे की ओढूनताणून जुळवलेली, हे तपासायचं कसं?

पुस्तकाच्या शेवटी ‘आर्स आर्कानम’ हे परिशिष्ट असतं. त्यातल्या दहा ओळींच्या तक्त्यात इतर माहितीबरोबर प्रत्येक ओळीला दोन दैवी गुण दिलेत. एक ओळ, एक हेरल्ड. बहुतेक जण तो तक्ता न बघताच पुस्तक मिटतात, आणि गंमत तिथेच आहे. हेरल्डांची डोकी फिरली आहेत, पण वाटेल तशी नाही. ज्याचा जो गुण, तोच त्याच्यात उलटा झालाय. रक्षण आणि नेतृत्व हे ज्याचे गुण, तो जेझ्रिएन राजवाड्यामागे दारू पिऊन पडणारा भिकारी अहू झाला. न्यायी नाल जुना गुन्हा उकरून काढतो आणि एका म्हाताऱ्या मोच्याला ठार करतो. निर्मितीशी जोडलेली शालाश स्वतःचेच पुतळे फोडत फिरते. ठाम असायला हवा तो कालाक सतत कचरतो, आणि धर्मनिष्ठ ईशार स्वतःलाच देव म्हणवतो.

म्हणून आधी गुणांची जोडी घ्या, तिच्या उलट वागणं कसं दिसेल ते कागदावर लिहा, मगच पात्र शोधा. बहुतेकांची गाडी उलट दिशेने धावते. ‘हा म्हातारा फार गूढ बोलतो, म्हणजे हेरल्डच’ असं म्हणून पुरावे गोळा करायचे, की कुणीही बसतो. दुसरी चाळणी बालपणाची. पात्राचे आईबाप किंवा बालमित्र कथेत प्रत्यक्ष भेटत असतील, तर नाव खोडा.

प्रश्न : खुणा नेमक्या कुठे पेरल्या आहेत? सगळं पुन्हा वाचायला वेळ नाही.

पाचही भागांचे प्रोलॉग सलग वाचा. पाचही एकाच रात्रीचे, गाविलार राजाच्या खुनाच्या रात्रीचे आहेत, फक्त सांगणारी नजर बदलते. ‘द वे ऑफ किंग्ज’मध्ये झेथ मारेकरी राजवाड्यातून जाताना हेरल्डांचे पुतळे मोजतो. दहा हवेत, पण नऊच आहेत. शालाशचा हलवलेला आहे. त्याच वाटेवर एक दारुडा त्याला अडखळत विचारतो, “मला पाहिलंस का?” पहिल्या वाचनात दोन्ही गोष्टी डोळ्यांखालून सरकून जातात. ‘वर्ड्स ऑफ रेडियन्स’मध्ये राजकन्या जासनाच्या कानावर दोन पाहुण्यांचं बोलणं पडतं. एकाच्या गालावर चंद्रकोरीसारखी पांढरी खूण आहे, आणि दुसरा ‘ॲशची काळजी वाटते, तिचं बिघडत चाललंय, माझंही बिघडतंय का’ असं विचारत राहतो. ॲश म्हणजे शालाश, खूणवाला नाल आणि घाबरट तो कालाक. प्रत्येक बिननावाच्या माणसापुढे पेन्सिलीने फुली मारत जा.

प्रश्न : मालिकेतली एक नायिका शालान, तिची आई हेरल्ड चाना होती, हे आधी ओळखता येण्यासारखं होतं का?

होतं, पण गाजलेल्या कारणावरून नाही. लाल केसांचा मुद्दा सगळ्यांनी उचलला होता, तो लंगडा आहे. वेडेन आणि हॉर्नईटर लोकांतही लाल केस आढळतात. खरं वजन काळाला होतं. आईचा मृत्यू आणि राजाचा खून एकाच सुमारासचे आहेत. डिसेंबर 2024 मध्ये आलेल्या ‘विंड अँड ट्रुथ’ने थिअरी खरी ठरवली. उत्तर बरोबर आलं म्हणून रीत बरोबर होती असं मात्र नाही.

प्रश्न : मग विट आणि झाहेल ही गूढ पात्रंही हेरल्डच का?

दोघेही नाहीत. दीर्घायुषी आहेत, पण सँडरसनच्याच दुसऱ्या कादंबऱ्यांतल्या जगांतून आलेले. विट म्हणजे होइड. तो ‘एलान्ट्रिस’मध्ये (2005) भिकारी, ‘मिस्टबॉर्न’मध्ये (2006) खबऱ्या आणि ‘वॉरब्रेकर’मध्ये (2009) गोष्टी सांगणारा म्हणून येतो. झाहेल हा ‘वॉरब्रेकर’मधला वाशर. त्याच्या जगात त्याच्यासारख्यांना जगायला दर आठवड्याला एक ‘ब्रेथ’, म्हणजे प्राणशक्तीचा एक अंश, लागतो; रोशारवर, म्हणजे या मालिकेच्या जगात, स्टॉर्मलाइट या वादळातून मिळणाऱ्या ऊर्जेवर भागतं. बोलताना तो रंगांच्या विचित्र उपमा देतो, चाणाक्ष वाचकांनी त्याला तिथेच पकडलं.

प्रश्न : आपल्या सात चिरंजीवांशी हेरल्डांचं जुळतं का?

अश्वत्थाम्याशी थोडं. जखमेसाठी तेल मागत फिरणारा, ज्याच्या नावाने सातपुड्यात अस्तंब्याची यात्रा भरते, तो शापित अश्वत्थामा ॲश आणि नालच्या जवळचा वाटतो. पण महाभारताच्या सौप्तिक पर्वात त्याचा शाप तीन हजार वर्षांचा आहे, आणि तेवढा काळ त्याला मरणाची सुटका नाही. हेरल्ड मरतात, ब्रेझ या दुसऱ्या ग्रहावर जातात, तिथे छळ सोसतात आणि कुणी कोसळलं की परततात. त्यामुळे ‘अमुक मेला, म्हणजे तो हेरल्ड नव्हता’ हा युक्तिवाद टिकत नाही. जेझ्रिएनचं तेवढं वेगळं. मोआश या पात्राच्या सोनेरी सुऱ्याने त्याचा आत्माच अडकवला.

प्रश्न : लेखकाने ‘राफो’ म्हटलं म्हणजे थिअरी खरी समजायची का?

नाही. ‘रीड अँड फाइंड आउट’चं ते लघुरूप, ‘वाचा, कळेल’ एवढाच त्याचा अर्थ. चुकीच्या प्रश्नालाही तो हेच उत्तर देतो.

प्रश्न : ‘मी टालन’ असं सांगत कथेत आलेला माणूस तोतया आहे का? त्याची तलवार वेगळी निघाली.

तलवार वेगळी निघाली हे खरं. त्या माणसाजवळचं जे पातं सरदार डालिनारला मिळालं, ते पुढे डालिनारच्या हातात किंचाळतं. किंचाळतात ती मेलेल्या स्प्रेनची, म्हणजे त्या जगातल्या आत्मारूपी जीवांची, पाती; हेरल्डांची तलवार तशी नसते. त्यावरून ‘माणूसच खोटा’ ही थिअरी उभी राहिली. मधल्या काळात तलवार बदलली गेली असेल, हा साधा पर्याय मात्र फार जणांनी बाजूला सारला. ‘ओथब्रिंगर’मध्ये शालाश त्याला शोधत येते आणि ओळखते. तिच्याइतका जाणता साक्षीदार पुस्तकात दुसरा नाही.