गावातील तंटे मिटवण्यात स्त्रियांचा सहभाग खरा असतो की सहीपुरता?

गावातील भांडणे समेटाने मिटवणाऱ्या तंटामुक्त समितीत स्त्रिया असल्याने प्रत्यक्षात काही फरक पडतो का, असे आपण विचारले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या समितीत मी काम केले आहे. त्या आधारे सांगते: ज्या बैठकीत अटी ठरतात तिथे स्त्रिया बोलत असतील तर फरक पडतो, सगळे ठरल्यावर त्यांना सहीसाठी बोलावले, तर पडत नाही.

आमच्याकडील बहुतेक भांडणे धुऱ्याची (शेताच्या बांधाची) आणि शेतात जाणाऱ्या पांदण रस्त्याची असतात. अशाच एका प्रकरणात दोन चुलत भावांच्या शेतांची सरकारी मोजणी झाली, खुणा रोवल्या गेल्या आणि तंटा मिटल्याची नोंदही झाली. कापसाची वेचणी लागताच भांडण पुन्हा पेटले, कारण ज्या धुऱ्यावरून एका घरच्या बाया आणि मजूर गाठोडी घेऊन ये-जा करीत, तो मोजणीत दुसऱ्याच्या हद्दीत गेला होता आणि वाटेचे काय, हे बैठकीत कोणी विचारलेच नव्हते. पुढच्या वेळी दोन्ही घरच्या जावांना समोर बसवले. त्यांनी हद्दीचा विषय न काढता वाट किती रुंद असावी, ओलिताच्या दिवसांत कोणत्या अंगाने जावे आणि तूर निघेपर्यंत बैलगाडी नेऊ नये, एवढे ठरवले. ती तडजोड टिकली. स्त्रिया जात्याच शांत असतात म्हणून हे घडले, असे मी मानत नाही (धुऱ्यावर सर्वांत मोठा आवाज त्याच दोघींचा होता). त्या वाटेने रोज जाणाऱ्यांना अडचण ठाऊक होती, इतकेच.

मोठ्या संघर्षांतही हाच भेद दिसतो. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २००० साली ठराव १३२५ संमत करून शांतता प्रक्रियेच्या प्रत्येक पातळीवर स्त्रियांचा सहभाग वाढवण्यास सांगितले. तरीही २००३ मध्ये लायबेरियाच्या यादवीवर घानात बोलणी चालू असताना लायबेरियाच्या स्त्रियांना सभागृहाचे दार अडवून बसावे लागले. उत्तर आयर्लंडमधील स्त्रियांनी मात्र १९९६ मध्ये स्वतःचा पक्ष काढून, निवडणूक लढवून वाटाघाटींत जागा मिळवली होती, आणि १९९८ च्या शांतता करारात हिंसाचारग्रस्तांना मदत व कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन्ही समाजांच्या मुलांचे एकत्रित शिक्षण हे विषय आले, त्यामागे त्यांचा आग्रह होता.

एका बाबतीत मात्र सावध राहावे. तंटामुक्त गाव मोहीम २००७ मध्ये सुरू झाली तेव्हापासून तिला पुरस्काराची रक्कम जोडलेली असल्याने मिटलेल्या तंट्यांचा आकडा वाढवण्याचा मोह होतो, आणि मारहाण सोसणाऱ्या सुनेची समजूत घालण्याचे काम समितीतील बायांकडेच येते. अशा वेळी स्त्री सदस्याने समेटाला नकार द्यावा आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे त्या बाईला स्वतः घेऊन जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या गावात सुरुवात करायची असेल, तर नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. बहुतेक ठिकाणी ती केवळ रजिस्टरवर होते. ती प्रत्यक्ष भरवा, वाट, पाणी आणि दारूचे तंटे आधी तिथे मांडा आणि तिथले म्हणणे ग्रामसभेच्या इतिवृत्तात शब्दशः लिहून घ्या. ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) टाळाटाळ करू लागल्यास तशी मागणी लेखी द्या आणि पोच घ्या.