फळ्याआधी पाळणा

बाळ,
अनेक आशीर्वाद.

दिंडोरीकडच्या द्राक्षबागांतल्या मजुरांच्या मुलांना शिकवायला जाणार, हे वाचून जीव सुखावला. पाट्या-पेन्सिली मी पाठवते. पण आधी कॅलेंडर घेऊन बस.

पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातली माणसं भात कापून झालं की पोराबाळांसकट खाली बागांत उतरतात. विरळणी, मग काढणी, ते थेट उन्हाळ्यापर्यंत. नाव गावच्या शाळेच्या पटावर आणि पोर बागेत. म्हणून 'आईबापांनाच शिक्षणाची किंमत नाही' असं कधीही म्हणू नकोस.

मला एका बागेत अकरा वर्षांची मुलगी भेटली होती. कडेवर धाकटा भाऊ. फ्रॉकच्या टोकानं त्याचं नाक पुसता पुसता तिनं माझ्या पिशवीवरचा 'क' बोटानं गिरवला. पुढचं अक्षर येईना. नाव चौथीच्या पटावर होतं! आई म्हणाली, "ही शाळेत गेली तर याला कोन सांभाळील?" जगात आजही 70 कोटींहून जास्त प्रौढांना लिहिता-वाचता येत नाही, त्यात जवळपास दोन-तृतीयांश बाया. त्यातल्या कितीजणींच्या कडेवर असाच भाऊ असेल! वस्तीवर आधी पाळणाघर कर, फळा मागून आण.

त्या मुलीला मी जवळच्या शाळेत घेऊन गेले. दाखला नाही म्हणून परत पाठवलं आणि मी निमूट परतले. ते अजून सलतं. 2009चा शिक्षण हक्क कायदा तू नीट वाच. 6 ते 14 वर्षांच्या मुलाला जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा बदलताना जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी मूल थांबवून ठेवता येत नाही. शिवाय वयाप्रमाणे वर्ग द्यायचा आणि मागे पडलेलं भरून काढायला वेगळं शिकवायचं, हेही त्यातच आहे. कायद्याची प्रत पिशवीत ठेव, मुख्याध्यापकांशी गोडीनं बोल, पण प्रवेश घेतल्याशिवाय उठू नकोस.

संध्याकाळी आया येतील. त्यांना 'अ आ इ' नको, आकडे शिकव. मुकादमाकडून उचल घेताना अंगठा उठवतात, पण कागदावर किती लिहिलंय ते कळत नाही. आपल्या हजेरीचे दिवस आपणच मांडता आले की त्या रोज येतील.

दिवाळीआधी एकदा पेठची सकाळची एसटी धर. माणसं निघण्याआधी तिथल्या गुरुजींना भेट आणि मुलांची शिक्षण हमी पत्रकं, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या मुलाला तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून जुनी शाळा देते ती कार्डं, मागून घे. एकदा घरं बंद झाली की कोण कुठल्या बागेत गेलं, याचा पत्ता लागत नाही.

तुझ्या
बाई