लँडस्केप आर्किटेक्ट व्हायचं तर नेमकं काय काय यावं लागतं?

तुम्ही विचारलंय की झाडाफुलांची आवड आहे, चित्रकलाही बरी आहे, तर एवढ्या भांडवलावर लँडस्केप आर्किटेक्ट, म्हणजे बागा, अंगणं अशा मोकळ्या जागांची आखणी करणारा, होता येईल का, आणि आणखी काय शिकावं लागेल. बरीच वर्षं याच कामात आहे, म्हणून सविस्तर लिहिते. भांडवल वाईट नाही, पण ते कामी येतं बऱ्याच उशिरा. आमच्याकडे झाडांच्या आधी पाण्याचा विचार होतो: पडलेला पाऊस कुठून कुठे जाणार, कुठे मुरणार, कुठे तुंबणार. आणि पाणी म्हटलं की जमिनीचा उंचसखलपणा आलाच. या दोन गोष्टींत ज्याला रस वाटतो त्याला बाकीचं शिकवता येतं. ज्याला त्या कंटाळवाण्या वाटतात त्याने या वाटेला जाण्याआधी जरा थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा पहिलं कौशल्य म्हणजे कंटूर वाचणं. सर्व्हेच्या नकाशावर सारख्या उंचीच्या ठिकाणांना जोडणाऱ्या रेषा असतात. त्या दाटीवाटीने आल्या की चढ खडा, लांब लांब गेल्या की जमीन जवळपास सपाट. रेषा टोकदार वळल्या आणि टोक चढाच्या बाजूला असलं तर तिथे ओघळ आहे. टोक उताराकडे असलं तर डोंगराची सोंड. हे शाळेच्या भूगोलात सगळ्यांनीच वाचलेलं असतं. पण नकाशा समोर आल्याबरोबर पाणी कोणत्या बाजूने धावेल ते दिसणं, ही वेगळी गोष्ट. त्याला सराव लागतो. ते जमलं की उलटं काम सुरू होतं: आपल्याला हवी तशी जमीन मिळावी म्हणून त्या रेषा आपणच सरकवायच्या. याला ग्रेडिंग म्हणतात. त्यात खोदून निघणारी माती आणि भरावाला लागणारी माती यांचा मेळही बसवावा लागतो, कारण माती बाहेर नेणं आणि बाहेरून आणणं दोन्ही महाग पडतं.

हे तोंडी सांगून कळत नाही, म्हणून एक साधं उदाहरण घेऊ. एका इमारतीपुढे फरसबंदीचं अंगण करायचंय, दारापासून फाटकापर्यंत १२ मीटर. आतल्या फरशीची लेव्हल, म्हणजे उंची, १००.०० मीटर धरा. पाणी आत शिरू नये म्हणून दाराबाहेरची फरशी १५ सेंटीमीटर खाली, म्हणजे ९९.८५. फाटकाशी रस्ता आहे ९९.८० वर, आणि रस्ता काही आपल्याला हलवता येत नाही. म्हणजे १२ मीटरमध्ये ढाळ मिळाला अवघा ५ सेंटीमीटर, अर्धा टक्कासुद्धा नाही. पाणी वाहून जायला दीड टक्का तरी हवा, म्हणजे १८ सेंटीमीटर. असंच बांधलं तर पहिल्याच पावसात डबकी साचणार.

मग काय, दोन्हीकडून मध्ये ढाळ द्यायचा आणि तिथे जाळीची गटार टाकायची. नेमकी मध्यावर टाकून चालत नाही. गणित केलं तर ती फाटकापासून सुमारे ४.३ मीटरवर येते आणि तिची लेव्हल ९९.७३५ च्या आसपास. सुटलं? नाही. आता फाटकाकडची बाजू आत उतरतेय, म्हणजे रस्त्यावरच्या पाण्याला आपणच आत बोलावलं. तिथे बारीक उंचवटा द्यावा लागणार, आणि तो दिला की वरचे आकडे पुन्हा बदलणार. पुढे प्रश्न असा की या गटारीतून निघालेला पाइप, त्यालाही ढाळ हवाच, बाहेरच्या गटाराच्या वर राहून त्याला मिळतो का? नसेल तर पाणी आवारातच मुरवायची सोय करा. आणि दाराशी १५ सेंटीमीटरची पायरी राहिली, तर चाकाच्या खुर्चीवरचा माणूस आत कसा जाईल? १:१२ चा, म्हणजे १२ लांबीला १ चढ असा, रॅम्प धरला तर १.८ मीटर लांबी, शिवाय वर-खाली वळायला सपाट जागा. एवढं सगळं झाल्यावर मग कुणीतरी विचारतं, ‘इथे एखादं छानसं झाड लावता येईल का?’

या गणिताला कुणी घाबरू नये. बेरीज, वजाबाकी, टक्केवारी आणि थोडी भूमिती, बस्स. पावसाचा हिशेब तर त्याहून सोपा: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस मीटर छपरावर ५० मिलिमीटर पडला की ५०,००० लिटर. एवढं पाणी एका कोपऱ्यात सोडून द्यायचं, की खोलगट वाफ्यांत थांबवून हळूहळू मुरवायचं, हे ठरवणं आमचं काम. चीनचे लँडस्केप आर्किटेक्ट कोंगजियान यू यांच्यामुळे जगभर पोचलेली ‘स्पंज सिटी’ची कल्पना मुळात हेच सांगते, फक्त अख्ख्या शहराच्या मापावर.

आणि हे काही आजचं खूळ नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स यांनी १८५८ साली स्पर्धेत जिंकला. लोकांना तिथली हिरवळ आणि तळी मूळचीच वाटतात. प्रत्यक्षात ती जागा खडकाळ आणि दलदलीची होती, तळी माणसांनी घडवली आणि जमिनीखाली निचऱ्याचे नळ घालावे लागले. त्या कामासाठी जॉर्ज वेअरिंग नावाचा वेगळा इंजिनिअर होता. त्याच आराखड्यात शहराची आडवी वाहतूक चार खोलगट रस्त्यांतून नेलेली आहे, त्यामुळे बागेत फिरणाऱ्याला गाड्या दिसतच नाहीत. लेव्हलचा असा वापर मला कुठल्याही फुलांच्या ताटव्यापेक्षा जास्त आवडतो. जाता जाता, ओल्मस्टेडकडे या विषयाची कुठलीही पदवी नव्हती. शेती आणि पत्रकारिता करून तो या कामात आला. हे ऐकून लगेच पदवीचा नाद सोडू नका, तो काळ वेगळा होता.

पाण्यानंतर माती. चिकणमाती, पोयटा आणि वाळू यांचं प्रमाण हातात ओली माती मळून ओळखता आलं पाहिजे. चिमटीत दाबत नेल्यावर लांब पट्टी निघाली तर चिकणमाती जास्त, पट्टी तुटत राहिली तर वाळू जास्त. निचरा बघायला फूटभर खोल खड्डा करा, एकदा पाणी भरून पूर्ण मुरू द्या, पुन्हा भरा आणि तासाला पातळी किती उतरते ते मोजा. बांधकामाच्या जागेवर ही परीक्षा हमखास नापास होते, कारण ट्रक आणि यंत्रांनी माती दाबून दगडासारखी केलेली असते. म्हणून वरचा सुपीक थर काम सुरू व्हायच्या आधी काढून बाजूला रचून ठेवा, असं ड्रॉइंगवर लिहावं लागतं. आणि लिहिलेलं साईटवर होतंय ना, हे जाऊन बघावं लागतं. गच्चीवर बाग करायची तर मातीचं वजनही आलं. ३० सेंटीमीटर ओल्या मातीचा थर चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास जातो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय तिथे कुंडीही सरकवू नये.

आता तुमच्या आवडीचा विषय. झाडं आवडणं वेगळं आणि झाडं माहीत असणं वेगळं. शास्त्रीय नावं पाठ असावी लागतात, कारण एकाच बोली नावाने दोन वेगळी झाडं नर्सरीत मिळू शकतात. वीस वर्षांनी त्या झाडाचा घेर किती होईल, पानगळ कधी, फळं चालण्याच्या वाटेवर पडून घसरण होईल का, विषारी आहे का (कण्हेर दिसायला देखणी, पण लहान मुलांच्या खेळाच्या जागेत नको), हे माहीत हवं. मुळं फांद्यांच्या घेरात मावतात हा समज सोडून द्या. ती घेराच्या बरीच बाहेर पसरतात, आणि बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरमध्येच असतात. म्हणूनच फरसबंदीतलं चौकोनी भोक झाडाला पुरत नाही. आणखी एक: लावताना खोड जिथे मुळांकडे रुंदावतं तो भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे. तो गाडला गेला की झाड लगेच मरत नाही, काही वर्षं कुढत राहतं, आणि तोवर कारण कुणाच्या लक्षातही राहत नाही.

चित्रकला उपयोगी आहे, पण देखणी चित्रं काढण्यासाठी नव्हे. हाताने भराभर काढलेल्या स्केचमधून विचार करता येणं, हा तिचा खरा उपयोग. त्यातही सेक्शन, म्हणजे जागा उभी कापल्यावर दिसेल तसं चित्र. प्लॅन, म्हणजे वरून दिसणारा नकाशा, खोटं बोलू शकतो, सेक्शनमध्ये लेव्हलची लबाडी लगेच उघडी पडते. सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉइंगसाठी ऑटोकॅड, एखादं थ्रीडी आणि जीआयएस (नकाशे आणि जागेची माहिती एकत्र हाताळणारी संगणकप्रणाली) एवढं आलं तरी सुरुवात होते. बाकी ऑफिसात गेल्यावर शिकता येतं. जीआयएसला कमी लेखू नका. १९६० च्या दशकात इयन मॅकहार्ग यांनी माती, उतार, पाणी, झाडोरा यांचे पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवून कुठे बांधावं आणि कुठे हात लावू नये, हे ठरवायची पद्धत रूढ केली. आज तेच काम संगणकावर होतं. थ्रीडी चित्रांवर मात्र विद्यार्थी अवाच्या सवा वेळ घालवतात. फुगे धरून धावणारी मुलं आणि सोनेरी ऊन टाकलं की जागा चांगली होते, असं कुणी शिकवलंय देव जाणे.

बांधकामाची माहितीही लागते. फरशीखाली कोणते थर, सांधे किती अंतरावर, कोणता दगड ओला झाल्यावर घसरतो. मातीचा भार पेलणाऱ्या भिंतीमागे खडी आणि भिंतीत पाणी निघायला भोकं नसतील, तर मागे साचलेलं पाणी भिंत ढकलून देतं. पायऱ्यांसाठी एक जुना हिशेब आहे: पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक तिची रुंदी, बेरीज ६३ सेंटीमीटरच्या आसपास. घराबाहेर माणूस मोठी पावलं टाकतो, म्हणून १५ आणि ३३ पेक्षा १२ आणि ३९ जास्त सुखाची वाटते. पुढच्या वेळी कुठे पायऱ्यांवर पाऊल अडखळलं तर टेप लावून बघा. टेप खिशात ठेवायची सवय आत्तापासूनच लावा, फुकटात होणारा सगळ्यात चांगला अभ्यास तोच.

माणसांचं निरीक्षण हा भाग पुस्तकात फारसा सापडत नाही. लोक आखलेल्या वाटेने न जाता गवतातून कुठे पायवाट पाडतात, दुपारी कोणतं बाकडं रिकामं राहतं, एकट्या बाईला कुठे बसावंसं वाटत नाही, हे तास-दोन तास बसून बघायचं. याशिवाय बोलणं. आर्किटेक्ट, इंजिनिअर, ठेकेदार, माळी आणि पैसे देणारा, या सगळ्यांना एकच गोष्ट पाच वेगळ्या भाषांत सांगावी लागते. कागदी कामही भरपूर: बीओक्यू (कोणतं काम आणि सामान किती, याची यादी), स्पेसिफिकेशन (ते कोणत्या दर्जाचं हवं, याचं वर्णन), ठेकेदाराची बिलं तपासणं, झाडं लावल्यानंतरच्या देखभालीच्या अटी. नव्या माणसाचा निम्मा दिवस यातच जातो.

शिक्षणाचं म्हणाल तर साधारण चार-पाच वर्षांची पदवी, किंवा आर्किटेक्चरसारख्या जवळच्या विषयातून येऊन दोन-तीन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण, असे दोन मार्ग बहुतेक ठिकाणी आहेत. अनेक देशांत पुढे अनुभवी माणसाच्या हाताखाली ठरावीक काळ काम, परीक्षा आणि परवाना, हेही लागतं; त्याशिवाय स्वतःला लँडस्केप आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. तुम्हाला जिथे काम करायचंय तिथला नियम आधी बघा. कॉलेज निवडताना माहितीपत्रकातल्या रंगीत चित्रांवर जाऊ नका. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठा आणि त्याने केलेलं ग्रेडिंगचं एक ड्रॉइंग दाखवायला सांगा. त्यावर लेव्हलचे आकडे आणि पाण्याचे बाण दिसले तर अर्ज भरा. नुसती हिरवी वर्तुळं दिसली तर दुसरं कॉलेज शोधा.