एडिटिंग शिकायला मुलाला कोलकात्याला पाठवावं का?

आदरणीय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, लग्नाचे व्हिडिओ एडिट करून स्वतःचा खर्च भागवतो आणि फिल्म सोसायटीत बंगाली चित्रपट पाहिल्यापासून 'शिकेन तर कोलकात्यालाच' म्हणून हटून बसलाय. त्याच्या वडिलांचं म्हणणं, सॉफ्टवेअर गावातल्या तीन महिन्यांच्या क्लासमध्येही शिकवतात. सॉफ्टवेअरपुरतं ते बरोबरच आहे. पण मुलगा ज्याच्या मागे लागलाय ते वेगळं आहे.

'पथेर पांचाली' (1955) ते 'आगंतुक' (1991), बंगाली दिग्दर्शक सत्यजित राय यांच्या सगळ्या कथापटांचे संकलक (म्हणजे एडिटर) एकच, दुलाल दत्त. 'चारुलता'च्या शेवटी नवराबायकोचे हात एकमेकांकडे येतात आणि भेटण्याआधीच चित्र गोठतं. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 24 स्थिर चित्रं असतात. त्यातली नेमकी कुठली धरायची, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही. दुसरे बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक यांच्या 'मेघे ढाका तारा'मध्ये (1960, संकलन रमेश जोशी) फसवली गेलेली नीता जिना उतरते, तेव्हा चाबकाचे फटके ऐकू येतात. पडद्यावर चाबूक कुठेच नाही. मुलाला हा प्रसंग एकदा आवाज बंद करून बघायला सांगा, मग आवाजासकट. संकलकाच्या कामाचा केवढा भाग कानाचा आहे, ते त्याला तिथेच कळेल. हे घटक साठच्या दशकात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला होते, हेही त्याच्या बाबांना सांगा.

माझी खरी काळजी भाषेची आहे. तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही. बंगालीत आदराचं आपनी, जवळिकीचं तुमी आणि अगदी सलगीचं तुई अशी तीन संबोधनं आहेत. 'आपनी' म्हणणारं पात्र एका वाक्यात 'तुमी'वर येतं, तेव्हा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर किती वेळ थांबायचं, हा संकलकाचा निर्णय असतो. सबटायटलवर विसंबणाऱ्याच्या हातून ती जागा निसटणार. त्यामुळे आजपासून त्याने बंगाली ऐकावं, लिपी शिकावी. मराठी मुलाला सहा महिन्यांत वाचण्यापुरती लिपी सहज येते. आपल्याकडे श्रेयनामावलीत 'संकलन' येतं, तिथे 'संपादना' येतं, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यायला हवं.

संस्था म्हणाल तर कोलकात्याची सत्यजित राय फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ही केंद्र सरकारची. एडिटिंगचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तीन वर्षांचा, कोणत्याही शाखेची पदवी चालते, प्रवेशपरीक्षा असते. पश्चिम बंगाल सरकारचं रूपकला केंद्र कोलकात्याच्याच सॉल्ट लेक भागात आहे. पुण्याचाही अर्ज भरावाच. फी, वसतिगृह आणि तारखा संस्थेच्या चालू वर्षाच्या माहितीपत्रकातच बघा, कुणाच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

पैशांचं स्पष्ट सांगतो. बाहेर पडल्यावर पहिली काही वर्षं असिस्टंटची असतात: फुटेज लावणं, आवाज जुळवणं, नोंदी ठेवणं, रात्र रात्र जागणं. मानधन कामागणिक मिळतं, दर महिन्याला येतंच असं नाही. बंगाली चित्रपटांचं बजेट मुंबईपेक्षा लहान. टॉलीगंज या कोलकात्यातल्या स्टुडिओंच्या भागातल्या अनेकांची चूल रोजच्या मालिकांवर पेटते, आता वेब सीरिजही आहेत. अभ्यासक्रम संपल्यावर दोन वर्षं तरी घरून आधार देता येईल का, हा हिशेब तुम्ही दोघांनी आत्ताच मांडा. नसेल जमत, तर तसं मुलाला सांगा, तो लहान नाही.

मला विचाराल तर त्याला जाऊ द्या, पण पदवी हातात घेऊन. तोवर एक काम द्या. घरातलं एखादं साधं बोलणं, म्हणजे तुम्ही आणि त्याचे बाबा चहा घेताना, त्याने दोन बाजूंनी शूट करावं आणि दोनदा संकलित करावं. एकदा बोलणाऱ्याचा चेहरा दाखवत, एकदा ऐकणाऱ्याचा. दोन्ही मला पाठवा. प्रत्येक कट तिथेच का केला, ते शेजारी त्याच्या अक्षरात लिहिलेलं असू दे.