६५ हजारांत व्हिडिओ एडिटिंगसाठी कुठला डेस्कटॉप घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की साखळीला राहता, लग्नं आणि गावातली नाटकं शूट करता, आजवर मित्राच्या लॅपटॉपवर भागवलं आणि आता ६५ हजारांत स्वतःचा डेस्कटॉप घ्यायचाय. मॉनिटर घरात आहे. दुकानदार म्हणतो, ग्राफिक कार्ड मोठं घ्या, बाकीचं कसंही चालेल. हे खरं का, असा तुमचा प्रश्न.

तुमच्या कामाला ते खरं नाही. मी फोंड्याजवळ राहतो आणि गेली अकरा वर्षं हेच करतो: लग्न, मुंज, आणि हिवाळ्यात देवळांच्या कालोत्सवातली नाटकं. दुकानदाराचं हेच वाक्य ऐकून मी एकदा मशीन घेतलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२०२२ साली मी इंटेलचा आय५-१२४००एफ प्रोसेसर आणि एनव्हिडियाचं १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० कार्ड घेतलं. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर दीड-दोन हजारांनी स्वस्त पडत होता. दुकानदार म्हणाला, कार्ड आहेच, मग प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचे पैसे कशाला? मला पटलं. जुन्या कॅमेऱ्याच्या फाइल्स त्यावर लोण्यासारख्या चालल्या. पुढच्या वर्षी कॅमेरा बदलला, रंग चांगले मिळावेत म्हणून १०-बिट ४:२:२ वर (१०-बिट म्हणजे रंगांच्या जास्त छटा, ४:२:२ म्हणजे रंगाचे जास्त बारकावे साठवणारं सेटिंग) शूट करू लागलो आणि पहिल्याच नाटकाला घोडं अडलं. स्पेसबार दाबला की नट हात वर करायचा, तिथेच थिजायचा, संवाद पुढे निघून जायचा, मग एकदम तो रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला दिसायचा. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर शंभर टक्क्यांवर आणि एवढं महागडं कार्ड जवळजवळ रिकामं. त्याच फाइल्स डिचोलीच्या एका मित्राकडे नेल्या. त्याच्याकडे साधा आय५-१२४००, एफ नसलेला, आणि कार्ड अजिबात नाही. तिथे तेच नाटक सरळ चाललं.

कारण असं. कॅमेरा व्हिडिओ दाबून, घडी घालून साठवतो. एडिट करताना दर सेकंदाला पंचवीस नाहीतर पन्नास वेळा ती घडी उलगडावी लागते. त्यासाठी चिपमध्ये वेगळा छोटा भाग असतो. तो तुमच्या कॅमेऱ्याची घडी ओळखत असेल तर काम हलकं होतं, नसेल तर सगळा भार प्रोसेसरच्या मुख्य भागावर येतो. एच.२६५ ची १०-बिट ४:२:२ फाइल इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्सला उलगडता येते. या सोयीचं नाव क्विक सिंक. एनव्हिडियाच्या घरगुती कार्डांना मात्र २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपर्यंत ४:२:२ उलगडताच येत नव्हतं. आणि ‘एफ’ म्हणजे ज्यात अंगभूत ग्राफिक्स बंद आहेत असा प्रोसेसर. दीड-दोन हजार वाचवायला मी नेमकं तेच काढून टाकलं होतं.

म्हणून पहिलं काम दुकानात जाणं नव्हे. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, तुमच्या कॅमेऱ्याची एक फाइल त्यात टाका आणि व्हिडिओच्या भागातल्या तीन गोष्टी कागदावर उतरवा: फॉरमॅट एव्हीसी आहे की एचईव्हीसी (एव्हीसी म्हणजे एच.२६४, एचईव्हीसी म्हणजे एच.२६५), बिट डेप्थ ८ की १०, आणि क्रोमा सबसॅम्पलिंग ४:२:० की ४:२:२. मशीन या तीन उत्तरांवर ठरतं.

८-बिट ४:२:० असेल तर काळजी नाही. सोनी ए७ थ्रीसारखे कॅमेरे यातच येतात, आणि आजचं कुठलंही बरं मशीन ते खेचतं. फोनच्या फाइल्सही बहुतेक ४:२:० च असतात, एच.२६५ असल्या तरी अडत नाही. एच.२६५ मध्ये १०-बिट ४:२:२ असेल तर एफ नसलेला इंटेल घ्या. एच.२६४ मध्ये १०-बिट ४:२:२ असेल (सोनीचे नवे कॅमेरे एक्सएव्हीसी एस सेटिंगवर असंच देतात) तर सावध राहा. या बजेटमधले १२व्या-१३व्या-१४व्या पिढीचे इंटेलही ते उलगडत नाहीत. तेव्हा एकतर कॅमेऱ्यात एक्सएव्हीसी एचएस निवडा, नाहीतर प्रॉक्सी करून एडिट करा. प्रॉक्सी म्हणजे त्याच फाइलची हलकी नक्कल. कापाकापी तिच्यावर करायची आणि शेवटी एक्सपोर्ट मूळ फाइलमधून होतो. रात्री झोपताना प्रॉक्सी लावून द्या, सकाळी तयार असतात. कमी पैशांत काम करणाऱ्याने ही सवय लावून घ्यावी असं मी मनापासून सांगेन, कारण तिच्यामुळे मशीनची दोन-तीन वर्षं वाढतात.

तुमच्या जागी मी काय घेतलं असतं? आय५-१२४००, १३४०० किंवा १४४००, जो भावात बसेल तो. तिघांतही क्विक सिंक तेच आहे. १२४०० मध्ये सहा कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), पुढच्या दोघांत दहा. एक्सपोर्टला फरक पडतो, पण पैसे ओढून-ताणून १४४०० घ्यावा एवढा नाही. मदरबोर्ड बी७६० किंवा बी६६० चा आणि रॅमचे चार स्लॉट असलेलाच घ्या. एच६१० चा बोर्ड स्वस्त मिळतो, पण त्यात दोनच स्लॉट, आणि वर्षभराने रॅम वाढवायची वेळ आली की आधीच्या पट्ट्या काढून टाकाव्या लागतात. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून भडकलेत, त्यामुळे ३२ जीबी आज जमलं नाही तर जीव टाकू नका. ८-८ च्या दोन पट्ट्या घ्या, दोन स्लॉट मोकळे ठेवा. १६ ची एकच पट्टी घेऊ नका. दोन पट्ट्या जोडीने चालल्या की वेग वाढतो, आणि अंगभूत ग्राफिक्स तर याच रॅमवर जगतं.

ग्राफिक कार्ड सॉफ्टवेअर बघून ठरवा. प्रीमिअरवर कट, टायटल, थोडं रंगकाम एवढंच असेल तर पहिले सहा महिने कार्डाशिवाय निघतील. दाविंची रिझॉल्व्ह मात्र कार्डावरच जगतं. त्यात ४के टाइमलाइन, नॉइज कमी करणं वगैरे करायचं तर किमान ८ जीबीचं कार्ड हवं, ४ जीबीवर ‘जीपीयू मेमरी फुल’ ची पाटी येत राहते. रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत अल्ट्रा एचडीपर्यंत एक्सपोर्ट होतो, लग्नाच्या कामाला तेवढं पुरे. पण १०-बिटच्या फाइल्स असतील तर त्या आवृत्तीत आधी एक क्लिप टाकून बघा, मगच तिच्या भरवशावर राहा. लिनक्सवरच्या फुकट रिझॉल्व्हमध्ये एच.२६४-२६५ चालत नाही, त्यामुळे विंडोजचे पैसे वाचवायला त्या वाटेने जाऊ नका. आणखी एक. पुढे कार्ड बसवलं की काही बोर्ड अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन ते परत चालू करावं लागतं, नाहीतर क्विक सिंक हातचं जातं.

आता साठवणीचा हिशेब, कारण नाटकवाल्यांचं सगळ्यात मोठं दुखणं तेच. ४के ला कॅमेरा १०० मेगाबिटवर लिहीत असेल तर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, म्हणजे तासाला ४५ जीबी. नाटक साडेतीन तास, कॅमेरे दोन. झाले ३१५ जीबी, एका रात्रीत! विंडोज आणि सॉफ्टवेअरसाठी ५०० जीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी वेगवान) एसएसडी, चालू कामासाठी १ टीबीची दुसरी एसएसडी, आणि संपलेलं काम ठेवायला ४ टीबीची साधी हार्ड डिस्क. बजेटमध्ये हे सगळं एकदम बसणार नाही, म्हणून बोर्डावर एम.२ चे, म्हणजे अशा एसएसडीचे, दोन स्लॉट आहेत ना, ते आधी बघा. सुरुवात एक टीबीच्या एकाच एसएसडीवर करा. हार्ड डिस्क मात्र पहिल्याच दिवशी घ्या, आणि गिऱ्हाइकाला पेनड्राइव्ह देईपर्यंत कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड पुसू नका. कुणाच्या आजीचं शेवटचं चालतं-बोलतं चित्र आपल्या डिस्कवर असतं. त्याची दुसरी प्रत नाही, म्हणजे आपण ते सांभाळलेलं नाही.

आणि आपल्या गोव्यात विजेचं बघितल्याशिवाय मशीन पुरं होत नाही. ६५ हजारांतले पाच-सहा हजार मी यूपीएससाठी आधीच बाजूला ठेवीन. वीज नुसती गेली तर परवडलं, पण मे-जूनच्या गडगडाटात ती दहा मिनिटांत चारदा येते-जाते, आणि एक्सपोर्ट चालू असताना तसं झालं की फाइलही जाते आणि कधी डिस्कही. यूपीएस घेताना व्हीए म्हणजे वॅट समजू नका. ६०० व्हीएचा साधारण ३६० वॅट देतो, १००० व्हीएचा ६०० च्या आसपास. पुढे कार्ड बसवायचंय, तेव्हा १००० चाच घ्या. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते हे धरून चाला. घर जुनं असेल तर वायरमनकडून आर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आर्थिंग नाही असं समजा. वीज कडाडायला लागली की प्लग काढताच, तसा राउटरकडून येणारा लॅनचा वायरही काढा. माझ्या बोर्डाचं लॅन पोर्ट असंच गेलं: प्लग काढला होता, तो वायर राहिला होता.

पॉवर सप्लायवर पैसे वाचवू नका. कॅबिनेटबरोबर फुकट येतो तो नको. ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), पाच वर्षांची वॉरंटी असलेला घ्या. साखळीला खारं वारं किनाऱ्याएवढं पोचत नाही, पण दमट हवा आपल्याकडे सगळीकडेच. श्रावणात एका सकाळी माझं मशीन चालू होईना, नुसते बीप. रॅम काढली तर सोनेरी दातांवर बारीक काळपट थर. शाळेतल्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून परत बसवली, चालू झालं. पावसाळ्यात काम नसलं तरी मशीन रोज तासभर चालू ठेवतो, आत ऊब राहते.

जुनं मशीन घ्यावं का? कचेऱ्यांतून निघालेले ऑप्टिप्लेक्स, थिंकसेंटर वगैरे मिळतात आणि ते दणकट असतात. पण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची ८वी पिढी किंवा त्यापुढचं लागतं. शिवाय त्या छोट्या डब्यांत पूर्ण उंचीचं कार्ड बसत नाही आणि पॉवर सप्लायही त्यांचाच खास. फोनवर शूट केलेल्याचंच एडिटिंग असतं तर हो म्हटलं असतं, तुमच्या कामाला नको.

एका पर्यायाचा मात्र शांतपणे विचार करा: ॲपलचा, एम४ चिपचा मॅक मिनी. २०२४ च्या नोव्हेंबरात तो आपल्याकडे ५९,९०० पासून आला. १६ जीबी मेमरी, एच.२६५ चं १०-बिट ४:२:२ तो सहज उलगडतो, आणि वीज इतकी कमी खातो की लहान यूपीएसही बराच वेळ पुरतो. त्याची अडचण अशी की आत २५६ जीबीच जागा आणि मेमरी पुढे कधीच वाढवता येत नाही, म्हणजे बाहेरची एसएसडी आलीच. मी स्वतः उघडता येणारं, एकेक भाग बदलता येणारं मशीनच पसंत करतो, कारण भर हंगामात काही बिघडलं तर म्हापशाहून किंवा पणजीहून तो भाग संध्याकाळपर्यंत आणता येतो. पण तुम्हाला उघडाउघडीत रस नसेल आणि सॉफ्टवेअर रिझॉल्व्ह असेल, तर मॅक मिनी घेऊन तुम्ही फसणार नाही.

दुकानात जाताना दोन गोष्टी न्या. एक पेनड्राइव्ह, त्यात तुमच्या कॅमेऱ्याची दोन-तीन मिनिटांची मूळ फाइल. व्हॉट्सॲपवर आलेली नको. त्यांच्याकडे जोडून ठेवलेल्या मशीनवर प्रीमिअर किंवा रिझॉल्व्ह असेल तर ती टाइमलाइनवर टाकून मागे-पुढे ओढून बघा. दुसरी, प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल लिहिलेली यादी, आणि पक्कं जीएसटी बिल त्याच नावांनी मागा. नुसतं ‘आय५, १६ जीबी, १ टीबी’ लिहिलेल्या बिलावर एफचा प्रोसेसर आलेला कळतसुद्धा नाही. मी तो डबा घरी येऊन उघडल्यावर वाचला होता.

मीडियाइन्फोतली ती तीन उत्तरं आणि सॉफ्टवेअरचं नाव मला कळवा. कार्ड आत्ताच घ्यायचं की हंगामाचे पैसे आल्यावर, ते त्यावरून सांगतो.