आधी तारखा लाव

चि. वकीलसाहेबांस,
अनेक आशीर्वाद.

याचिकेचा मसुदा वाचला. पहिली चार पानं निर्वासितांच्या हक्कांवर, आणि अफगाणिस्तानातल्या हजारा जमातीच्या त्या कुटुंबावर काय गुदरलं ते साडेतीन ओळींत. हे उलटं कर.

अमेरिकेतल्यासारखं इमिग्रेशन कोर्ट आपल्याकडे नाही. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, आश्रयाचा वेगळा कायदाही नाही. सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या परकीय नागरिकांच्या नव्या कायद्यापुढे तुझा अशील म्हणजे व्हिसा संपलेला परदेशी माणूस, बस्स. अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, ख्रिस्ती वगैरे सहा समाजांना सूट आहे. हा शिया मुसलमान, त्यात बसत नाही.

सरकारी वकील २०२१ चा रोहिंग्यांबाबतचा सुप्रीम कोर्टाचा आदेश काढणारच. तो तू आधीच नीट वाच. राज्यघटनेचं कलम २१, म्हणजे जगण्याचा हक्क, सगळ्यांना आहे, पण हद्दपार न होण्याचा हक्क कलम १९ शी जोडलेला, म्हणजे नागरिकांचाच, असं त्यात म्हटलंय. मात्र ठरलेली कार्यपद्धती पाळल्याशिवाय पाठवू नका, हेही त्यातच आहे. आपल्याला पाय रोवायला तेवढी जागा पुरते. म्हणून आधी पोलीस आयुक्तालयात परकीय नागरिक नोंदणी विभागाकडे सविस्तर अर्ज दे आणि पोच घे. पोचेशिवाय हायकोर्टात तोंड उघडता येत नाही. (कोल्हापूरला सर्किट बेंच झालं, पुण्याच्या नशिबी अजून मुंबईच.) मागणीही आवाक्यातली ठेव: दिल्लीला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयात जाऊ द्या, तिथला निर्णय होईपर्यंत परत पाठवू नका. मणिपूर हायकोर्टाने २०२१ मध्ये म्यानमारच्या लोकांना दिल्लीला जाण्याची अशी वाट करून दिली होती.

आता खरं काम. तारखा. अफगाण कागदांवर हिजरी शम्सी, म्हणजे सूर्यावर चालणारं साल असतं, वर्ष मार्चच्या एकविशीच्या सुमारास सुरू होतं. काबूल तालिबानच्या हाती पडलं ती तारीख २४ असद १४००, म्हणजे १५ ऑगस्ट २०२१. जुन्या तजकिऱ्यात, म्हणजे अफगाण ओळखपत्रात, तर जन्मतारीखच नसते, 'अमुक साली वय इतकं' एवढंच लिहिलेलं असतं. त्यावरून पासपोर्टात कुणीतरी १ जानेवारी ठोकून देतो, मग बापाच्या आणि मुलाच्या वयाचा हिशोब जुळत नाही, आणि समोरच्या अधिकाऱ्याला माणूस खोटारडा वाटतो. एक मोठा कागद घे. प्रत्येक घटनेपुढे दोन्ही पंचांगांच्या तारखा लिही. न आठवणाऱ्या तारखेपुढे 'आठवत नाही' असंच लिही, अंदाज ठोकू नकोस.

त्या कुटुंबातल्या बारा वर्षांच्या मुलीला दुभाषी केलंयस, ते आजच थांबव. ती इथल्या शाळेत हिंदी-मराठी शिकली म्हणून सगळे तिच्याच तोंडून वदवून घेतात. बापाला कोठडीत काय केलं ते लेकीने सांगायचं का? पुण्यात शिकायला आलेल्या अफगाण मुलांतून त्यांची दारी-हजारगी भाषा जाणणारा कुणी शोध. तो कुठला, कुणाच्या ओळखीचा, हे आधी विचार आणि कुटुंबाचा होकार घे. बायकोची जबानी नवरा खोलीत नसताना, बाईमाणसासमोर घे. बऱ्याचदा धमकी तिलाच आलेली असते आणि ती नवऱ्यालाही माहीत नसते.

शनिवारी दुपारी चेंबरवर ये. तजकिरे मूळ आण, झेरॉक्स नको.